बंदचा आदेश आणि मदतीचा आदेश एकाच कागदावर काढा : महाराष्ट्र शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग
मा. मंत्री, कामगार विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : महासाथीच्या काळातली आर्थिक मदत आणि पुढच्या वेळची तयारी

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर एक बाकडं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, पीएफचा क्लेम, ई-श्रम कार्ड, पोरांची शिष्यवृत्ती, जे येईल ते. आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणारे कामगार, रिक्षावाले, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायका अशी वस्ती आहे. माझी आईही विडी कामगार होती. शासन एखादी योजना जाहीर करतं, तिचा खरा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाकड्यावर कळतो.

हे पत्र लिहायला लावलं ते ई-केवायसीने, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ऑनलाइन ओळख-पडताळणीने. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर 2025 मध्ये ती सक्तीची झाली आणि बाईच्या आधारसोबत पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला जाऊ लागला. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे यजमान 2021च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. वडील त्याच्या कितीतरी आधी. मी ओटीपी मागितला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "दोघांपैकी कुणाला फोन लावू?" नंतर अशा बायकांसाठी मृत्यूचा दाखला देण्याची वाट काढली गेली, ते बरंच झालं. पण मला आठवला तो 2021चा मे महिना. तेव्हाही या बाई आल्या होत्या. चार घरची कामं सुटली होती, नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि घरेलू कामगारांना मिळणाऱ्या पंधराशे रुपयांची चौकशी करत होत्या. त्यांची नोंदणी नव्हती. नोंदणी असते हेच त्यांना त्या दिवशी कळलं. पंधराशे मिळाले नाहीत.

महासाथ ओसरून आता बरीच वर्षं झाली. उद्या पुन्हा तशी वेळ आली, पुन्हा रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली आणि सकाळपासून सगळं बंद झालं, तर कुणाला किती मदत, कितव्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने मिळणार, हे सांगणारा शासनाचा एकही कागद आमच्या बाकड्यापर्यंत आलेला नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे. तेव्हा चुका झाल्या हे समजू शकतो, साथ सगळ्यांनाच नवी होती. पण त्या चुकांची नोंद करून पुढची व्यवस्था न उभारणं, हे समजून घेणं अवघड आहे.

सुरुवातीलाच सांगतो, हे पत्र कोणत्याही एका पक्षाच्या विरोधात नाही. साथ आली तेव्हापासून राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, आणि जवळपास सगळ्याच मोठ्या पक्षांनी या काळात कधी ना कधी सत्ता भोगली. त्यामुळे "ते आधीच्या सरकारचं" हे उत्तर यावेळी कुणालाच देता येणार नाही. तेव्हा तिजोरीत खडखडाट होता हेही माहीत आहे. मार्च 2020चे पगार शासनाला टप्प्याटप्प्याने द्यावे लागले होते.

आता मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. 13 एप्रिल 2021 रोजी, निर्बंध लागण्याच्या आदल्या दिवशी, राज्याने 5,476 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, आदिवासी कुटुंबांना खावटी म्हणजे पोटापुरती मदत, निराधार योजनांतल्या लाभार्थ्यांना आगाऊ रक्कम. या यादीतली विशेषणं बघा. नोंदणीकृत, परवानाधारक. ज्याचं काम बुडालं तो माणूस शासनाला दिसतच नव्हता, दिसत होतं ते त्याचं रजिस्टरमधलं नाव.

घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008चा आहे. साथ आली तेव्हा त्याला बारा वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत आमच्या गल्लीत त्या नोंदणीसाठी ना कुणी शिबिर घेतलं ना एखादा फलक लावला. बांधकाम कामगारांचं मंडळ श्रीमंत, कारण बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर त्यांच्याकडे जमा होतो. त्याच पैशातून 2020 मध्ये नोंदणीकृत कामगारांना आधी दोन हजार आणि मग तीन हजार मिळाले. पण नोंदणी सक्रिय राहायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नाक्यावर उभा राहणारा बिगारी आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. नव्वद दिवसांची सही देणारा ठेकेदार शोधायचा कुठे? जे ठेकेदार सही देतात, ते काही वेळा कामावर कधीच नसलेल्या माणसालाही देतात. हे मी ऐकीव सांगत नाही, ते कागद माझ्याच स्कॅनरमधून जातात. म्हणजे खऱ्या बिगाऱ्याकडे कागद नाही, आणि ज्याच्याकडे कागद आहे तो बिगारीच असेल याचा भरवसा नाही.

रिक्षावाल्यांचं तर विचारूच नका. पंधराशे रुपये परवान्याच्या नावावर आले. आमच्याकडे अर्धेअधिक रिक्षावाले दुसऱ्याची गाडी रोजच्या भाड्याने चालवतात. परवाना मालकाचा, घाम चालकाचा. एक जण आधार आणि बॅज घेऊन आला. अर्ज उघडला तर परवाना क्रमांक टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. तो माझ्यावरच चिडला. "गाडी मी चालवलालो, पैसे परमिटला? परमिट काय भाकरी खातंय का ओ?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आपल्याकडे असेल तर जरूर कळवा. दिल्ली सरकारने 2020 मध्ये रिक्षा-टॅक्सीचालकांना पाच हजार दिले तेव्हा बॅज असलेला चालकही त्यात धरला होता. म्हणजे हे अशक्य नव्हतं. अर्जात एक रकाना वाढवायला हवा होता, एवढंच.

दुसरी तक्रार यादीत नसलेल्यांची. विडी कामगार बायकांकडे ओळखपत्र आहे, पीएफ खातं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आहे. नोंदणीच हवी होती ना, तर ती यांच्याइतकी पक्की कुणाची असणार? तरीही 2021च्या त्या यादीत विडी कामगार नव्हते आणि यंत्रमाग कामगारही नव्हते. 2020 मध्ये विडी कारखाने बंद पडले, पान-तंबाखू मिळेना आणि हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी थांबली, तेव्हा या बायकांनी काय केलं? केंद्राने पीएफमधून उचल घेण्याची सवलत दिली होती, तीन महिन्यांचा पगार किंवा शिल्लक रकमेच्या 75 टक्के, यातलं जे कमी असेल ते. त्यांनी तो क्लेम केला. म्हातारपणासाठी ठेवलेला स्वतःचाच पैसा काढून खाल्ला, आणि सरकारी पत्रकांत तोही "दिलासा" म्हणून मोजला गेला.

सलूनवाल्यांची दुकानं एप्रिल 2021 मध्ये आदेशाने बंद झाली. त्यांचं नावही यादीत नाही. लग्नातले बँडवाले, हॉटेलातले वेटर, रसवंतीवाले, यात्रेत पाळणे लावणारे, शिकवण्या घेणाऱ्या बाई, हे सगळे शासनाच्याच आदेशाने घरी बसले. धंद्यांची यादी केली की कुणीतरी सुटणारच. यादीत कोण घ्यायचं हे मंत्रालयातल्या एका टेबलावर ठरतं आणि ज्याची संघटना मोठी त्याचं नाव आधी येतं. यात नाभिकाने किंवा बँडवाल्याने काय करायचं होतं?

तिसरी तक्रार रेशनची. मोफत धान्याने देश तगला हे मी मान्य करतो. माणशी पाच किलो ही साधी गोष्ट नव्हती. पण ते मुख्यतः अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीतल्यांनाच मिळालं, आणि आपल्या राज्यात शहरी भागासाठी त्या यादीची उत्पन्न मर्यादा वर्षाला 59,000 रुपये आहे. महिन्याला पाच हजारांच्याही खाली. शहरात राहणारा, दोन लेकरं असलेला कोणता कामगार एवढ्यावर जगतो, हे मला एकदा दाखवाच. शिवाय राज्याचा एकूण इष्टांक, म्हणजे यादीत जास्तीत जास्त किती माणसं बसणार तो आकडा, सुमारे सात कोटी, तोही 2011च्या जनगणनेवरून ठरलेला. यादी भरली की नवीन माणूस बाहेर. केशरी कार्डवाल्यांना 2020च्या मे-जूनमध्ये आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ दिला, ते चांगलंच केलं. पण हाताला कामच नसलेल्या घराला आठ रुपयेही मोजावे लागतात आणि काही महिन्यांनी तेही बंद झालं. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं, गावाकडच्या कार्डात नाव आणि राहायला सोलापुरात, त्यांच्याबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल.

चौथी तक्रार वेळेची. निर्बंध 14 एप्रिल 2021च्या रात्रीपासून लागले. रिक्षावाल्यांचे अर्ज मे महिन्यात भरले जात होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात निर्बंध सैल व्हायला सुरुवात झाली, तेव्हाही माझ्या बाकड्यावर "पैसे जमा झाले का बघा की" म्हणणारे येत होते. खावटीची गोष्ट तर याहून लांबली. 2020 मध्ये मंजूर झालेली मदत प्रत्यक्ष वाटायला 2021 उजाडलं. बंद मात्र दर वेळी वेळेवर सुरू झाला, त्यात एका दिवसाचाही उशीर नाही.

रकमेबद्दल थोडक्यात. तेव्हा सिलिंडर आठशेच्या पुढे आणि गोडेतेल किलोला दीडशेच्या वर होतं. पंधराशे एकदाच. बाकीचा हिशेब आपण करू शकता.

पाचवी तक्रार खात्याची, आणि ही फक्त आमच्यासारख्यांनाच दिसते. आधारवर पैसे पाठवले की ते जातात ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं असेल त्यात. ते कोणतं, हे बऱ्याच बायकांना ठाऊक नसतं. कुणाचं खातं नवीन सिमकार्ड घेताना मोबाइलवरच उघडलेलं निघालं. कुणाचं बचत गटाच्या कर्जासाठी दुसऱ्या गावच्या शाखेत. केंद्राने 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत महिन्याला पाचशे असे तीन महिने पैसे टाकले, तेव्हा आमच्याकडच्या अनेक बायका बँकेत जाऊन रिकाम्या हाताने परतल्या. त्यांचं खातं साधं बचत खातं होतं, जनधन नव्हतं. गरिबी तीच, पासबुकाचा प्रकार वेगळा. "शेजारणीला आले, मला का नाही?" याचं उत्तर देता देता बँकेतला माणूसही थकला आणि मीही.

सहावी तक्रार हप्त्यांची. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढली. पण मुभा बँकेला आणि कंपनीला होती, कर्जदाराचा तो हक्क नव्हता, आणि व्याज चालूच राहिलं. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गट करून दिलं जाणारं छोटं कर्ज घेतलेल्या बायकांपर्यंत ही बातमी अर्धवट पोहोचली. एका कंपनीचा वसुलीवाला आमच्या गल्लीत "एकीने भरलं नाही तर गटातल्या सगळ्यांचं नाव खराब होईल" असं सांगत फिरत होता. दुसऱ्या लाटेत तर अशी सरसकट मुभाही नव्हती. म्हणजे सरकारने दिलेले पंधराशे काही घरांत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेच नाहीत, दारातूनच हप्त्याला गेले. हा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे असं आपण म्हणाल. पण राज्यस्तरीय बँकर्स समितीत राज्य शासनही बसतं ना?

एवढं सगळं वाईटच लिहिलं, तर जे चांगलं झालं तेही लिहायला हवं, कारण पुढची व्यवस्था त्यातूनच उभी राहू शकते. जनधनच्या पैशांसाठी गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून वार ठरवून दिले होते. 0 किंवा 1 असेल तर 3 एप्रिल, 2 किंवा 3 असेल तर 4 एप्रिल, असं पुढे. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण त्या माणसाला रांग म्हणजे काय ते कळत होतं. रेशनवर संसर्गाच्या भीतीने गिऱ्हाइकाचा अंगठा न घेता दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य द्यायची परवानगी मिळाली. नियम वाकवायचा ठरवला की वाकतो, हे त्यातून दिसलं. आणि शिवभोजन! जानेवारी 2020 मध्ये दहा रुपयांनी सुरू झालेली थाळी लॉकडाऊनमध्ये पाचला आणि 2021च्या निर्बंधांत फुकट झाली. केंद्रावर नाव सांगा, फोटो काढा, जेवा. तू गवंडी आहेस की वेटर, तुझं कार्ड पिवळं की केशरी, कुणी विचारलं नाही. साथीच्या काळात राज्याच्या सगळ्या योजनांमध्ये आमच्या भागात सर्वांत कमी भांडणं या थाळीवरून झाली.

तमिळनाडूकडेही एकदा बघा. त्यांनी एप्रिल 2020 मध्ये तांदूळ मिळणाऱ्या प्रत्येक रेशनकार्डामागे एक हजार रुपये रोख दिले आणि 2021च्या मे-जूनमध्ये दोन-दोन हजारांच्या दोन हप्त्यांत चार हजार. दोन कोटींहून जास्त कार्डं. दिवस आणि वेळ लिहिलेलं टोकन घरोघर वाटलं आणि पैसे रेशन दुकानावर हातात ठेवले. धंदा कोणता ते विचारलं नाही आणि खात्याची भानगडही ठेवली नाही. रेशनची यादीच जवळपास सगळ्यांना सामावणारी होती, म्हणून जमलं.

यावर मंत्रालयातून येणारं उत्तर मला पाठ आहे. सरसकट दिलं तर अपात्र लोकही घेतील. घेतील की. पण या आक्षेपाचं उत्तर आपल्याच सरकारने 2024 मध्ये दिलं आहे. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय 28 जूनला निघाला आणि 14 ऑगस्टपासून, रक्षाबंधनाच्या आधी, खात्यांत तीन-तीन हजार पडायला लागले. दीड महिन्यात आपण लाखो बायकांचे अर्ज घेतले, खाती जोडली, पैसे पाठवले. छाननी नंतर झाली, ई-केवायसी त्याहूनही नंतर. आधी द्या आणि मग तपासा, हे धोरण शासनाला उत्तम जमतं. योगायोग असा की महिन्याची रक्कमही पंधराशेच. साथीत जे पंधराशे एकदा द्यायला सोळा कागद लागले, ते निवडणुकीच्या वर्षात दर महिन्याला द्यायला तुलनेने फार कमी लागले. मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्याच दुकानात शेकड्यांनी ते अर्ज भरले गेले, बायकांच्या चेहऱ्यावरचा फरक मी पाहिला आहे. मला इतकंच म्हणायचं आहे की यंत्रणा नव्हती हे कारण आता चालणार नाही.

आणि हे राज्य असं पहिल्यांदाच शिकणार आहे असंही नाही. सोलापूर दुष्काळी जिल्हा. आमच्याकडची जुनी माणसं 1972च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, सुकडी आणि मिलोच्या भाकरी अजून सांगतात. त्या दुष्काळातून महाराष्ट्र नुसता बाहेर पडला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला राज्यभर बळ मिळालं, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि पैसा कुठून आणायचा तर त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदाराच्या पगारातून आजही जे दोनशे रुपये कापले जातात, त्याचं मूळ तिथे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, असा तो करार होता. 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर आपलंच उदाहरण होतं. पुरासाठी, गारपिटीसाठी आपल्याकडे निकष आहेत, पंचनामा आहे, हेक्टरी दर आहेत. ते अपुरे असतील, पण शेतकऱ्याला निदान भांडायला एक आकडा असतो. साथीत घरी बसवलेल्या शहरी कामगाराकडे भांडायला तोही नाही. 1972ने कायदा दिला. 2020ने काय दिलं?

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. शासनाच्या आदेशाने लोकांचं काम सात दिवसांहून जास्त बंद राहणार असेल, तर मदत आपोआप सुरू झाली पाहिजे, असा कायदा करा. बंदचा आदेश आणि मदतीचा आदेश एकाच कागदावर, एकाच सहीने निघावा. वेगळं पॅकेज, वेगळी पत्रकार परिषद, वेगळा शासन निर्णय नको.

2. मदत धंद्यांच्या यादीवरून देऊ नका. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेलं प्रत्येक कुटुंब पात्र धरा. कार्ड नसलेल्याला वॉर्ड कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत स्वयंघोषणापत्रावर तात्पुरती नोंद करून द्या. गावचं कार्ड असलेल्याला शहरात मदत मिळाली पाहिजे. धान्यासाठी हे होऊ शकतं तर पैशांसाठी का नाही?

3. 59,000 रुपयांची मर्यादा बदला. यासाठी पुढच्या साथीची वाट बघू नका.

4. रक्कम घोषणेच्या दिवशी कुणाच्या मनात येईल ती नको. अकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी ती जोडा, निदान निम्मी धरा, आणि बंद वाढला तर तीही पंधरवड्याने वाढू द्या.

5. घरेलू आणि बांधकाम कामगारांची नोंदणी वर्षभर, वस्तीत येऊन करा. नूतनीकरण राहिलं म्हणून आपत्तीच्या काळात कुणाचं नाव गळू नये. ई-श्रमवर राज्यातल्या ज्या लाखो कामगारांनी नावं घातली त्या कार्डाचा उपयोग काय, असं मला रोज कुणीतरी विचारतं. त्या यादीतले विडी कामगार, यंत्रमाग कामगार, सलूनवाले, वेटर शासनाला आता तरी दिसत असतील. भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याला बॅजवर मोजा.

6. पैसे द्यायचा एकच रस्ता ठेवू नका. खातं जोडलेलं असेल तर खात्यात, नसेल तर पोस्टातून किंवा रेशन दुकानावर टोकनने रोख. आणि पैसे कोणत्या बँकेच्या खात्यात गेले हे मराठीत एका ओळीच्या मेसेजने कळवा. या एका मेसेजने बँकेसमोरच्या निम्म्या रांगा कमी होतील, हे मी अनुभवाने सांगतो.

7. बंदच्या काळात मायक्रोफायनान्स आणि छोट्या कर्जांची वसुली थांबवण्याबाबत रिझर्व्ह बँकेकडे आताच लेखी आग्रह धरा आणि तो पत्रव्यवहार जाहीर करा.

8. यासाठी वेगळा निधी ठेवा. व्यवसाय कराचं उदाहरण वर दिलंच आहे. चांगल्या वर्षात थोडं थोडं बाजूला काढलं तर वाईट वर्षात पगार थांबवायची वेळ येणार नाही.

9. 2020 आणि 2021 मधल्या प्रत्येक मदतीची श्वेतपत्रिका काढा. 5,476 कोटींपैकी कोणत्या गटाला किती जाहीर झाले, किती जणांनी अर्ज केले, किती जणांच्या हातात पोहोचले, कितव्या दिवशी, आणि नाकारलेल्या अर्जांची कारणं काय. जिल्हावार. चुकलं कुठे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट बांधता येणार नाही. ही मागणी शेवटी लिहिली असली तरी तिच्यापासूनच सुरुवात करावी, कारण तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

या मागण्यांसाठी आम्ही रस्ता अडवणार नाही. विडी, यंत्रमाग, घरेलू कामगार आणि रिक्षाचालक यांच्या ज्या संघटना शहरात आहेत त्यांच्याकडे या पत्राची प्रत देतो आहोत. जिल्ह्यातल्या सर्व आमदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात श्वेतपत्रिकेचा प्रश्न मांडण्याची विनंती करणार आहोत.

उत्तर मला घरच्या पत्त्यावर पाठवायची गरज नाही. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. आमच्यासारखे दुकानवाले ते सकाळी शटर उघडलं की आधी बघतात, आणि त्यात काही कामाचं निघालं तर दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत झालेलं असतं.

आपला,
एक अर्ज भरून देणारा
पूर्व भाग, सोलापूर